पत्र्याखालचा ग्लू: लाकडी बांधकामात कोणता टिकतो, कोणता मऊ पडतो

लाकडी कॉटेज, माळा, पर्गोला किंवा जिना बांधायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "वॉटरप्रूफ आहे ना?" प्रश्न बरोबरच आहे, पण अर्धा आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवा ४५ अंशांच्या वर जाते. पत्र्याला हात लावता येत नाही आणि पत्र्याला लागून बसलेला वासा सहज ५५-६० अंशांवर पोचतो. त्या वाशातला सांधा ज्या ग्लूने जोडलाय तो तेव्हा घट्ट राहतो का, हे डब्याच्या पुढच्या बाजूला कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून लाकडी बांधकामात वापरले जाणारे ग्लू इथे फक्त तापमानाच्या कसोटीवर पारखले आहेत: पांढरा पीव्हीए, त्याचे पाणीरोधक भाऊबंद, एक-घटक पीयू (वेगळा हार्डनर न लागणारा पॉलियुरेथेन), इपॉक्सी आणि रिसॉर्सिनॉल. युरिया आणि रबर ग्लूचाही थोडक्यात हिशेब आहे.

निकाल आधीच सांगतो. पांढरा ग्लू सावलीतल्या फर्निचरला उत्तम आहे. पण छताखालचा, सतत वजन पेलणारा सांधा त्याच्या भरवशावर सोडू नये. डब्यावर "मरीन" लिहिलं असलं तरी सोडू नये.

तापमान दोनदा आडवं येतं. पहिल्यांदा ग्लू लावताना आणि तो सुकताना. दुसऱ्यांदा पुढची वीस-तीस वर्षं, दर उन्हाळ्यात. पहिल्या वेळी चूक झाली तर सांधा जन्मतःच कच्चा राहतो. दुसऱ्या वेळी चांगला बसलेला सांधाही हळूहळू सरकतो. दोन्ही वेळी मोजायचं ते लाकडाचं तापमान, हवेचं नव्हे. निफाडला जानेवारीत सकाळी दहा वाजता उन्हात उभं राहिलं तर छान ऊब लागते, पण रात्रभर ओट्यावर पडलेली १०० मिमी जाडीची तुळई आतून अजून ८-९ अंशांवरच असते. इतक्या जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत ऊब शिरायला चार-पाच तास जातात. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो लाकडाच्या कापलेल्या तोंडावर धरून बघा आणि मग डबा उघडा.

पांढरा पीव्हीए: फेव्हिकॉल एसएच आणि त्याच्या जातीचे

हा ग्लू म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण. पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की कण एकमेकांना खेटतात, वितळल्यासारखे एकजीव होतात आणि पारदर्शक थर तयार होतो. "एकजीव होतात" ही पायरी तापमानावर अवलंबून असते. लाकूड फार गार असेल तर पाणी निघून जातं, पण कण सुटेच राहतात. सांध्याच्या कडेला पारदर्शक ओघळ दिसण्याऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी दिसते. ती दिसली तर सांधा गेला असं समजा. नंतर कितीही ऊब दिली तरी तो सुधारत नाही. उखडून, रंधा मारून, पुन्हा लावावा लागतो.

ही खडू होण्याची मर्यादा प्रत्येक ग्लूची वेगळी असते. अमेरिकेतली फ्रँकलिन इंटरनॅशनल कंपनी आपल्या टाइटबाँड ग्लूंसाठी ती उघडपणे छापते, हे कौतुकास्पद आहे. टाइटबाँड ओरिजिनलची मर्यादा सुमारे १० अंश सेल्सिअस, टाइटबाँड टूची सुमारे १३ आणि टाइटबाँड थ्रीची सुमारे ८. म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा टू हा थंडीत ओरिजिनलपेक्षा नाजूक आहे. महाबळेश्वरला डिसेंबरात सकाळी काम करायचं असेल तर हा फरक कामाचा आहे. ज्या ब्रँडच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकावर हा आकडा नाही, तिथे १५ अंश ही खालची सीमा धरा आणि त्याखाली डबा उघडू नका.

उन्हाळ्यात अडचण नेमकी उलटी होते. ओपन टाइम, म्हणजे ग्लू पसरल्यापासून तुकडे जोडेपर्यंत मिळणारा वेळ, हा साधारण २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरून छापलेला असतो. टाइटबाँड टूला तो ३ ते ५ मिनिटं आहे, थ्रीला ८ ते १०. आता विदर्भातली मेची दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के. पाण्याच्या वाफेच्या दाबाचा हिशेब केला तर या हवेची पाणी ओढून घेण्याची ताकद छापील परिस्थितीच्या जवळजवळ पावणेपाच पट निघते. पाच मिनिटांची मुदत तिथे मिनिट-दीड मिनिटावर येते. लांब फळीच्या एका टोकाला ग्लू लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकावर पापुद्रा धरलेला असतो. क्लॅम्प आवळला की वरून सगळं ठीक दिसतं, कडेने थोडा ग्लूही बाहेर येतो, पण पापुद्र्याच्या जागी दोन फळ्या एकमेकांना नुसत्या टेकलेल्या असतात.

यावर मिस्त्री लोकांचा नेहमीचा उपाय म्हणजे ग्लूमध्ये पाणी घालणं. तो करू नका. पाणी जास्त म्हणजे घट्ट भाग कमी, सुकताना आकुंचन जास्त आणि लाकडात ग्लू शोषून सांधा उपाशी राहण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी काम सकाळी सहा ते नऊमध्ये उरका, लाकूड आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवा, दोन माणसं दोन टोकांनी लावायला घ्या आणि ब्रशऐवजी दातेरी पट्टी वापरा. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम ग्लू पुरतो. उन्हाळ्यात २०० च्या बाजूला राहा, म्हणजे थर ओला राहायला थोडा जास्त वेळ मिळतो. ओपन टाइम लांब असलेला प्रकार मिळत असेल तर तोच घ्या. इथे टाइटबाँड थ्रीचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

डबा कुठे ठेवता हेही बघा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला अर्धा डबा घट्ट होतो, वर साय धरतो आणि गुठळ्या पडतात. साय बाजूला काढून खालचा ग्लू वापरला तर चालतो, हा समज चुकीचा आहे. खालचाही घट्ट झालेला असतो आणि लाकडात नीट मुरत नाही.

आता दुसरं तापमान. पीव्हीए हा थर्मोप्लास्टिक आहे, म्हणजे सुकल्यावरही गरम झाला की मऊ पडतो. साध्या पीव्हीएचं मऊ व्हायला लागण्याचं तापमान ३० ते ४० अंशांच्या आसपास असतं. महाराष्ट्रात उन्हाळ्यात घरातली साधी भिंतही तेवढी तापते. टाइटबाँडचेच छापील आकडे पाहा. ओरिजिनलचा सांधा सामान्य तापमानाला दर चौरस इंचाला ३६०० पौंड सोसतो. रात्रभर ६५ अंशांत ठेवल्यावर १६००. टू: ३७५० वरून १७५०. ताकद निम्म्याहून खाली आली, पण त्याहून बोलका आकडा शेजारीच असतो. तुटलेल्या सांध्यात लाकूड किती फाटलं, त्याची ही टक्केवारी आहे. ओरिजिनलमध्ये सामान्य तापमानाला ७२ टक्के, ६५ अंशांत १० टक्के. टूमध्ये ७२ वरून ६. थंड असताना लाकूड आधी फाटत होतं आणि ग्लू टिकत होता. गरम झाल्यावर लाकूड शाबूत राहिलं आणि ग्लूच सुटला. याच कंपनीने आपल्या डब्यावर "भार पेलणाऱ्या बांधकामासाठी नाही" असंही छापलंय. ते वाक्य गंभीरपणे घ्यावं.

कोणी म्हणेल, निम्मी ताकद म्हणजेही पुष्कळ झाली. क्षणभराच्या भाराला ती पुरते हे खरं. पण छतावरचं वजन क्षणभराचं नसतं. मऊ पडलेला ग्लू कायमच्या ताणाखाली दररोज दुपारी केसभर सरकतो आणि रात्री त्याच जागी पुन्हा घट्ट होतो. पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकांवर चिकटवून केलेल्या पर्गोलाच्या कमानी यामुळेच दोन-तीन उन्हाळ्यांत उघडतात. प्रत्येक पट्टी सरळ व्हायला धडपडत असते आणि ग्लू तिला थोडं थोडं सोडत जातो. सांधा फुटत नाही, त्यामुळे आवाज होत नाही. कमानीच्या टोकाला पट्ट्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसायला लागतात तेव्हा लक्षात येतं.

डी३, डी४ आणि ८० अंश

"मरीन" किंवा "वॉटरप्रूफ" पीव्हीए घेताना बहुतेकांना डी३ हा शिक्का ठाऊक असतो. तो युरोपच्या ईएन २०४ मानकातला. डी३ म्हणजे सांधा सात दिवस सुकवल्यावर १० न्यूटन प्रति चौरस मिमी, चार दिवस पाण्यात बुडवल्यावर ओला असतानाच २ आणि पुन्हा सुकवल्यावर ८ इतका ताण सोसायला हवा. डी४ ला ओल्या अवस्थेत ४ लागतात, शिवाय सहा तास उकळून, दोन तास गार पाण्यात ठेवून पुन्हा ४. यातली एकही चाचणी गरम आणि कोरड्या सांध्यावर केलेली नाही. म्हणजे डी३चा डबा कोकणातल्या पावसाबद्दल तुम्हाला काहीतरी सांगतो, वर्ध्याच्या उन्हाबद्दल काहीच सांगत नाही.

उन्हाबद्दल सांगणारी चाचणी वेगळी आहे: ईएन १४२५७, धंद्यात तिला वॅट ९१ म्हणतात. सांधा ८० अंशांच्या भट्टीत तासभर ठेवायचा आणि गरम असतानाच ओढायचा. खिडक्यांच्या धंद्यात त्याला किमान ७ न्यूटन प्रति चौरस मिमी मागतात. दक्षिण-पश्चिमेकडच्या सागवानी खिडक्या, दरवाजे, फ्लश दाराच्या चौकटी यांसाठी पीव्हीएच वापरायचा असेल तर विक्रेत्याकडे डी३ सोबत वॅट ९१ चा आकडा मागा. सहसा दोन-घटक पीव्हीए, म्हणजे ज्यात वेगळा हार्डनर मिसळतात तो, या चाचणीत बरा उतरतो. हार्डनरमुळे रेणूंची एकमेकांत गुंफण होते आणि मऊ पडणं बरंच कमी होतं. मात्र मिसळलेला ग्लू ठरावीक तासांतच वापरावा लागतो आणि उन्हाळ्यात ती मुदतही आखडते.

आपल्याकडच्या मानकांपैकी आयएस ४८३५ हे लाकडासाठीच्या पीव्हीएचं. आयएस ८५१ हे लाकडी बांधकामातल्या कृत्रिम रेझिन ग्लूचं, आणि त्याच्या शीर्षकातच ते भार न पेलणाऱ्या कामासाठी आहे असं म्हटलंय. ते चिन्ह दाखवून कोणी तुम्हाला चिकटवलेली तुळई विकत असेल तर नम्रपणे नकार द्या. भार पेलणाऱ्या, उघड्यावरच्या चिकटवलेल्या लाकडासाठी आयएस ९१८८ वेगळं आहे.

एक-घटक पीयू

छताच्या लाकडासाठी साइटवर वापरता येण्याजोगा आमच्या मते हा सर्वात समतोल पर्याय. पॉलियुरेथेन लाकडातल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतो. पीव्हीएसारखा पाणी उडण्यावर तो अवलंबून नसतो आणि एकदा पिकला की गरम झाल्यावर त्या मानाने फारच कमी सरकतो. युरोपात भार पेलणाऱ्या चिकटवलेल्या तुळयांसाठी ईएन १५४२५ हे मानक खास याच ग्लूसाठी आहे. मात्र घेताना "पीयू" एवढंच वाचून भागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली बाटली आणि मानकाला उतरलेला औद्योगिक ग्लू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली माळ्याच्या फळ्या, जिन्याच्या पायऱ्या, दारं-खिडक्या इथपर्यंत चालेल. मुख्य तुळई कारखान्यातूनच जोडून आणावी.

लाकडात ८ ते १६ टक्के ओलावा हवा. विदर्भात मे महिन्यात लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत सुकतं. तिथे पीयू नीट पिकत नाही, चिकट राहतो. उपाय सोपा आहे: ग्लू लावण्याआधी एका पृष्ठभागावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा आणि ओल चमकायची थांबली की जोडा. कोकणात उलट. सप्टेंबरात लाकूड १७-१८ टक्क्यांवर असतं आणि हवा दमट, त्यामुळे ग्लू भराभर पिकतो आणि फसफसून फेस येतो. फेसाने फट भरलेली दिसते, पण त्या फेसात ताकद नसते. सांधा लाकडाला लाकूड टेकेल इतका नेमका असावा लागतो आणि दाबही पुरेसा लागतो.

वेगाचा ठोकताळा लक्षात ठेवा: तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. २० अंशांवर ३० मिनिटांचा असलेला ग्लू ४० अंशांवर सात-आठ मिनिटांत हाताबाहेर जातो. इथे गरम लाकूड थंड लाकडापेक्षा जास्त धोक्याचं. अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठाची पीव्ही हॉल ही लाकडी इमारत बांधली जात असताना मार्च २०१८ मध्ये सीएलटी तक्त्याचा एक भाग सुटून खालच्या मजल्यावर पडला. सीएलटी म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेले जाड तक्ते. हिवाळ्यात फळ्या उबदार ठेवल्या गेल्या आणि प्रेसचा दाब पडायच्या आधीच ग्लू पिकला, हे कारण पुढे आलं. थंडीची काळजी घेताना सांधा ऊबेनेच बिघडला. आपल्याकडे उन्हात वाळत ठेवलेल्या फळ्या थेट उचलून ग्लू लावणं ही तीच चूक आहे. फळीला हात लावून चटका जाणवत असेल तर तासभर सावलीत ठेवा.

हातमोजे घालाच. पीयूमध्ये आयसोसायनेट असतं. ते कातडीवर दिवसेंदिवस राहतं आणि पुढे अ‍ॅलर्जी, दमा होऊ शकतो. बाटली एकदा उघडली की दमट हवेत ती आतूनच पिकत जाते, त्यामुळे कोकणात छोट्या बाटल्या घेणं स्वस्त पडतं.

जमिनीच्या फळ्या जोइस्टवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांवर, बसवताना बंदुकीतून सोडायचा कार्ट्रिजमधला पीयू हा याच कुटुंबातला जाडसर प्रकार. अमेरिकेत त्यासाठी एएसटीएम डी३४९८ मानक आहे आणि त्यात ओल्या व गोठलेल्या लाकडावरच्या चाचण्याही आहेत. तिकडे घर बांधणाऱ्या मराठी मंडळींनी नळकांडीवर हा क्रमांक बघूनच घ्यावं. थंडीत नळकांडी आदल्या रात्री घरात ठेवा, नाहीतर ग्लूची दोरी ताठ येते, लाकडावर पसरत नाही आणि वरची फळी स्क्रूवर तरंगत राहते. पहिल्या पावलालाच कुरकुर ऐकू येते.

दाबाचा हिशेब, जो सगळेच टाळतात

ग्लू कोणताही असो, दाब कमी पडला की तापमानाची सगळी काळजी वाया जाते. पीव्हीएला मऊ लाकडासाठी दर चौरस सेंटिमीटरला ७ ते १० किलो आणि कठीण लाकडासाठी १२ ते १७ किलो लागतात. सागवान मधल्या पट्ट्यात, ९ ते १२. आता १० सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांब सांधा घ्या: ६०० चौरस सेंमी, १० किलोने गुणा, ६ टन. हाताने आवळलेला साधा एफ-क्लॅम्प ३०० ते ५०० किलो देतो असं धरलं तरी बारा ते वीस क्लॅम्प झाले. साइटवर त्या जागी चार लावलेले दिसतात. क्लॅम्प कमी असतील तर जाड पट्टी मध्ये घालून दाब पसरवा, किंवा सांधे टप्प्याटप्प्याने करा.

सागवानाला स्वतःचं तेल असतं. रंधा मारल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ग्लू लावला तर चांगलं. उशीर झाला तर अ‍ॅसिटोनने पुसून, तो उडाल्यावर लगेच लावा. गरम लाकडात तेल पृष्ठभागावर लवकर येतं, त्यामुळे उन्हाळ्यात ही पायरी वगळू नका.

इपॉक्सी: अ‍ॅरल्डाइट

जुन्या वाड्यातल्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलं की कुजका भाग कापून, नवं लाकूड लावून, पोलादी सळ्या चिकटवून तुळई वाचवता येते. या कामाला इपॉक्सीशिवाय पर्याय नाही, कारण तो फट भरतो, दाब मागत नाही आणि पोलादालाही धरतो. जास्त आवळलं तर उलट ग्लू पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो. अ‍ॅरल्डाइट एडब्ल्यू १०६ आणि हार्डनर एचव्ही ९५३ ची जोडी वजनाने १०० ला ८०, आकारमानाने समसमान. वजन करत असाल तर समसमान घेऊ नका. ही चूक नेहमी होते आणि जास्तीच्या हार्डनरमुळे ग्लू रबरासारखा राहतो.

या जोडीची मोठी मर्यादा तापमानच आहे. ६० अंशांच्या पुढे तिची ताकद झपाट्याने उतरते. वाड्याच्या जाड भिंतीत आणि कौलांखालच्या पहिल्या मजल्यावर तेवढं तापमान जात नाही, तिथे ती बिनधास्त वापरा. पत्र्याखालच्या कैचीत, जिथे सळईचं टोक किंवा नट-बोल्ट उन्हात उघडा आहे, तिथे नको. पोलाद ती उष्णता सरळ ग्लूच्या पोटात नेतं. तशा जागेसाठी विक्रेत्याकडे "ग्लास ट्रान्झिशन तापमान", म्हणजे पिकलेला ग्लू मऊ पडायला लागतो ते तापमान, मागा. सांध्याच्या सर्वात गरम तासापेक्षा ते निदान १५-२० अंशांनी वर हवं.

मिश्रण करताना २५ अंशांवर १०० ग्रॅम माल साधारण दीड तास हाताळता येतो. ४० अंशांवर तोच माल खोल डब्यात ठेवला तर स्वतःच्या उष्णतेने तापतो, धूर सोडतो आणि दगड होतो. पसरट ताटलीत थोडा थोडा मिसळा. थंडीत १० अंशांवर पिकायला पूर्ण दिवस लागतो. त्याखाली जवळजवळ थांबतोच, तेव्हा ताडपत्रीच्या आत बल्ब लावून ऊब द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वजन टाकू नका.

रिसॉर्सिनॉल: जुना आणि अजूनही पहिला

फिनॉल-रिसॉर्सिनॉल ग्लूची रेघ काळपट लाल दिसते, हीच पिकलेल्या सांध्यातली त्याची एकमेव उणीव असं म्हणायला हरकत नाही. एकदा पिकला की उकळतं पाणी, उन्हाळा आणि पावसाळा यांपैकी कशानेही तो मऊ होत नाही. युरोपच्या ईएन ३०१ मानकात असे ग्लू ९० अंशांच्या वर्गापर्यंत उतरतात. आगीत लाकडाबरोबर कोळसा होतो, पण थर सोडत नाही. एरोडक्स १८५ मध्ये पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनरची भुकटी, वजनाने. पसरायला दर चौरस मीटरला ३५० ते ४५० ग्रॅम, म्हणजे पीव्हीएच्या दुपटीहून जास्त.

साइटवर तो का दिसत नाही? त्याला पिकायला लाकडासकट २० अंश लागतात, दाब तासन्तास टिकवावा लागतो, मिश्रणात चूक चालत नाही आणि हार्डवेअरच्या दुकानात तो सहसा मिळत नाही. महाराष्ट्राच्या हवेत २० अंश ही अट वर्षाचे आठ-नऊ महिने आपोआप पूर्ण होते. हा आपला मोठा फायदा आहे आणि तो फारच कमी लोक घेतात. चिकटवलेल्या मुख्य तुळया, कमानी, पूल, उघड्यावरचं काम यांसाठी आमची पहिली पसंती हीच.

आगीचा विषय निघालाच आहे तर सीएलटीबद्दल एक गोष्ट. जुन्या पीयूने जोडलेल्या तक्त्यांत आगीवेळी जळालेला थर ग्लूच्या रेघेवर सुटून खाली पडायचा, खालचं ताजं लाकूड उघडं व्हायचं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकायची. म्हणून उत्तर अमेरिकेच्या पीआरजी ३२० मानकात २०१८ मध्ये खोलीएवढ्या आगीची चाचणी सक्तीची झाली आणि कंपन्यांना उष्णतारोधक पीयू आणावे लागले. कॅनडा-अमेरिकेत सीएलटीच्या इमारतीत घर किंवा ऑफिस घेत असाल तर तक्ते २०१८ च्या किंवा नंतरच्या आवृत्तीप्रमाणे आहेत का, एवढं विचारा.

युरिया आणि रबर ग्लू

युरिया ग्लू घरात कोरड्या जागी ठीक. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की त्याचे बंध हळूहळू तुटतात. जर्मनीत बाड राइशनहाल इथल्या बर्फ-मैदानाचं लाकडी छत २ जानेवारी २००६ रोजी कोसळून १५ माणसं गेली. त्या पेटी-तुळयांमध्ये हाच ग्लू होता आणि दमट हवेने तो खिळखिळा झाला होता. कोकणात छताला युरिया नकोच. रबरी काँटॅक्ट ग्लू सनमायकासाठी आहे. पश्चिमेच्या दारांवर फेव्हिकॉल हीटएक्ससारखा उष्णतारोधक घ्या. पण कोणत्याही वजनदार सांध्यात तो टाकू नका.

उन्हात सांध्यावर ताण येतो तो लाकूड तापून फुगल्यामुळे, असा समज आहे. तापल्याने लाकूड नगण्य वाढतं. ताण येतो तो सुकण्यामुळे. सागवानाची फळी आडव्या अंगाने दर एक टक्का ओलाव्याला ०.२ टक्के आक्रसते. २०० मिमी रुंद फळीतून पाच टक्के ओलावा गेला की ती २ मिमी आखडली. मऊ झालेल्या ग्लूला हे नेमकं दुपारी सोसावं लागतं. म्हणून रत्नागिरीत जोडलेली चौकट अमरावतीला पाठवायची असेल तर लाकूड आधी १० टक्क्यांवर आणा.

खरेदीआधी घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. त्याच लाकडाच्या २५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या २५ मिमी एकमेकांवर चढवून चिकटवा आणि आठवडाभर सुकू द्या. सांध्याच्या कडेवर चाकूने एक आडवी रेघ दोन्ही पट्ट्यांवरून सलग मारा. पत्र्याच्या पेटीत, उन्हात, थर्मामीटर शेजारी लावून पट्टी टांगा आणि खाली २० किलो वजन अडकवा. आत ६० अंश येतील अशा दोन दुपारी जाऊ द्या. नंतर भिंगातून रेघ बघा. रेघ तुटून नखाच्या जाडीएवढीही सरकली असेल तर तो ग्लू छताला वापरू नका. रेघ सलग असेल तर पट्टी पाचर मारून फोडा. दोन्ही तोंडांवर लाकडाचे तंतू चिकटून आले तर ग्लू आणि काम दोन्ही पास. एक तोंड गुळगुळीत आणि चकचकीत निघालं, तर दाब, पापुद्रा किंवा तेल यांपैकी काहीतरी चुकलंय. ग्लू बदलण्याआधी ते शोधा.